विजयाच्या हंगामातील अस्वस्थता : केन ड्रायडन यांच्या 'द गेम'चा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

साहित्यसमीक्षेत खेळाविषयीच्या लेखनाला सहसा दुय्यम स्थान मिळते. त्याचे एक कारण या लेखनाच्या ठरावीक वाटेत आहे. बालपणीचे कष्ट, मार्गदर्शकाची भेट, पहिले यश, दुखापत, पुनरागमन आणि अखेरचा गौरव अशा टप्प्यांनी बहुतेक खेळाडूंची आत्मचरित्रे पुढे सरकतात. त्यांत घटना भरपूर असतात. परंतु त्या घटनांचा अर्थ लावण्याची गरज लेखकाला क्वचितच भासते. निकालाने अर्थ आधीच ठरवून दिलेला असतो. जिंकणाऱ्याने आपण का जिंकलो हे सांगायचे आणि वाचकाने ते मान्य करायचे, असा हा अलिखित करार असतो.

कॅनडातील गोलरक्षक केन ड्रायडन यांचे 'द गेम' हे १९८३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक हा करार मोडते. माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाचा १९७८-७९ चा हंगाम हा त्याचा विषय आहे. त्या हंगामाच्या शेवटी संघाने सलग चौथ्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला. असे असूनही पुस्तकाचा स्थायी भाव विजयानंदाचा नाही. जिंकणे हीच सवय आणि सक्ती झाल्यावर खेळाचे काय होते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी पुस्तकात कशी होते, तिला निवेदकाच्या स्थानामुळे कोणते बळ मिळते आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार केला आहे.

हंगामाची पार्श्वभूमी

मराठी वाचकाला परिचित असलेली हॉकी गवतावर किंवा कृत्रिम हिरवळीवर खेळली जाते. आइस हॉकीत गोलरक्षकासह प्रत्येकी सहा खेळाडू बर्फाच्या बंदिस्त मैदानावर स्केट्स घालून खेळतात. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते. सामना वीस मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो. खेळाडू खेळ न थांबवता सतत बदलले जातात; एका वेळी एखादा मिनिट खेळून ते बाकावर परततात. गोलरक्षक मात्र सहसा संपूर्ण सामनाभर आपल्या जागी उभा राहतो. ड्रायडन यांच्या पुस्तकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

नॅशनल हॉकी लीगमध्ये १९७८-७९ साली सतरा संघ होते आणि प्रत्येक संघाला ऐंशी साखळी सामने खेळावे लागत. माँट्रियल संघाने १९७६-७७ मध्ये ऐंशीपैकी केवळ आठ सामने गमावले होते. पुढील हंगामात दहा आणि १९७८-७९ मध्ये सतरा पराभव झाले. गुणसंख्या अनुक्रमे १३२, १२९ आणि ११५ अशी उतरत गेली. १९७८-७९ च्या साखळीत तर न्यू यॉर्क आयलंडर्स संघ ११६ गुणांसह एका गुणाने पुढे राहिला. चषक दरवर्षी माँट्रियलकडेच येत होता आणि त्याच काळात आकडे उताराची दिशा दाखवत होते.

संघाची घडणही बदलत होती. संघबांधणीचे शिल्पकार मानले जाणारे महाव्यवस्थापक सॅम पोलॉक १९७८ मध्ये पायउतार झाले. कर्णधार इव्हान कुर्न्वाये याची कारकीर्द पाठीच्या दुखण्यामुळे याच हंगामात संपली. ड्रायडन यांनी स्वतः हंगामानंतर निवृत्त होण्याचा निर्णय घेतला होता. ऑगस्ट १९४७ मध्ये हॅमिल्टन येथे जन्मलेला हा खेळाडू कॉर्नेल विद्यापीठाचा पदवीधर होता आणि खेळत असतानाच त्याने मॅकगिल विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले होते. १९७३-७४ चा पूर्ण हंगाम तो कराराच्या वादामुळे संघाबाहेर राहिला आणि त्या काळात त्याने टोरोंटोत वकिलीची उमेदवारी केली. खेळ हेच ज्याचे सर्वस्व नाही, अशा व्यक्तीने खेळाकडे पाहिले आहे, हे या पुस्तकाच्या घडणीत लक्षात घ्यावे लागते.

रचना : निकालाऐवजी दिनक्रम

पुस्तकाची प्रकरणे आठवड्यातील वारांच्या नावांनी येतात. संपूर्ण हंगामाचा क्रमवार वृत्तांत देण्याचे टाळून लेखक त्यातील काही दिवस निवडतो. सराव, विमानप्रवास, हॉटेल, ड्रेसिंग रूममधील थट्टा, सामन्यापूर्वीची दुपार आणि सामन्यानंतरची रात्र यांत हे दिवस विभागलेले आहेत. एखादा प्रसंग सुरू असतानाच निवेदन मागे सरकते आणि बालपण, खेळाचा इतिहास, प्रशिक्षकाचा स्वभाव किंवा शहराचे राजकारण यांकडे वळते. मग पुन्हा त्या दिवसाकडे येते.

या रचनेमुळे दोन गोष्टी साधतात. पहिली गोष्ट अशी की व्यावसायिक खेळाचे खरे द्रव्य वाचकासमोर येते. प्रेक्षकाला सामना दिसतो. खेळाडूच्या वाट्याला मुख्यतः वाट पाहणे येते. ऐंशी सामन्यांचा हंगाम म्हणजे त्याच त्या क्रमाची शेकडो आवर्तने असतात. दुसरी गोष्ट अशी की निकालाला मिळणारे अवास्तव महत्त्व आपोआप कमी होते. कोणत्याही सामान्य मंगळवारी संघ जसा असतो तसाच तो चषकाच्या रात्रीही असतो, हे वाचकाला जाणवू लागते.

या निवडीचे वेगळेपण कळण्यासाठी त्या हंगामातील नाट्य ध्यानात घ्यावे. बोस्टनविरुद्धच्या उपान्त्य मालिकेचा सातवा सामना १० मे १९७९ रोजी झाला. तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना बोस्टन एका गोलने पुढे होते. त्या वेळी मैदानावर एक खेळाडू अधिक उतरल्याबद्दल बोस्टनला दंड झाला. गी लाफ्लूर याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत इव्हॉन लांबेर याच्या गोलने माँट्रियल अंतिम फेरीत पोहोचले. न्यू यॉर्क रेंजर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पहिला सामना माँट्रियलने गमावला आणि त्यात ड्रायडन यांना मैदानाबाहेर बोलावण्यात आले. दुसऱ्या सामन्यासाठी राखीव गोलरक्षक मिशेल लारोक याची निवड झाली होती. परंतु सामन्यापूर्वीच्या सरावात सहकाऱ्याचाच फटका लागून तो जायबंदी झाला आणि ड्रायडन यांना पुन्हा उभे राहावे लागले. त्यानंतरचे चारही सामने माँट्रियलने जिंकले. रूढ क्रीडाचरित्राने एवढ्या सामग्रीवर अखेरची सर्व प्रकरणे उभी केली असती. 'द गेम'चा भार मात्र हंगामाच्या ऐन मध्यातील साध्या दिवसांवर आहे. विजय किती थोडक्यात हुकला असता, हे ठाऊक असलेल्या लेखकाने विजयाला पुराव्याचे स्थान नाकारले आहे, असे म्हणता येईल.

गोलरक्षकाची दृष्टी

या पुस्तकातील निवेदकाचे स्थान शब्दशः आणि लाक्षणिक अशा दोन्ही अर्थांनी ठरलेले आहे. आपला संघ प्रबळ असेल, तर खेळ बहुतांश वेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालतो. गोलरक्षक एकटा उभा राहून पाहत असतो. काठीच्या टोकावर दोन्ही हात टेकवून उभे राहिलेल्या ड्रायडन यांची छायाचित्रे कॅनडात सर्वपरिचित आहेत. ही मुद्रा त्यांच्या गद्याचीही मुद्रा आहे. संघात असूनही थोडे बाजूला राहिलेले, खेळात असूनही खेळाबाहेरून पाहणारे असे हे निवेदन आहे.

गोलरक्षकाच्या कामातील विसंगती ड्रायडन नेमकेपणाने मांडतात. बलाढ्य संघाच्या गोलरक्षकाने सामना जिंकून द्यावा अशी अपेक्षा नसते. त्याने तो घालवू नये एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे यशाचा आनंद विरळ आणि चुकीचे भय सततचे असते. साखळी सामन्यांतील ड्रायडन यांची कारकीर्द २५८ विजय, ५७ पराभव आणि ७४ बरोबरी अशी आहे. एवढ्या यशस्वी माणसाच्या लेखनात भयाला इतकी जागा का, असा प्रश्न वाचकाला पडतो. त्याचे उत्तर याच आकड्यांत आहे. पराभव जितका दुर्मीळ, तितका तो लक्षात राहणारा. विजयाची सवय झालेल्या संघाला प्रत्येक विजय केवळ बाकी न राहिलेल्या हिशेबासारखा वाटतो. पराभव मात्र थकबाकी म्हणून उरतो.

सहकाऱ्यांच्या व्यक्तिचित्रांतही ही दृष्टी दिसून येते. लाफ्लूर हा संघाचा सर्वांत तेजस्वी आघाडीपटू होता; त्याच्या चित्रणाइतकेच स्थान बॉब गेनी याच्या चित्रणाला मिळते. गेनी याचे काम प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम खेळाडूंना रोखण्याचे होते. गोलांच्या तक्त्यात न दिसणारे हे काम मागे उभ्या असलेल्या गोलरक्षकाला सर्वांत स्पष्ट दिसते. १९७९ च्या बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा कॉन स्माइथ पुरस्कार गेनी याला मिळाला, ही घटना ड्रायडन यांच्या निरीक्षणाला पुष्टी देणारी ठरते. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांच्या चित्रणात स्तुती आणि निंदा या दोन्हींना बगल दिलेली आहे. खेळाडूंना आवडण्याची गरज न वाटणारा आणि संघ नेमका केव्हा सैल पडतो याची जाण असणारा हा माणूस लेखकाला पूर्णपणे उलगडत नाही. आणि तो उलगडल्याचा आव लेखक आणत नाही. मराठी व्यक्तिचित्रणाच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला हा संयम विशेष भावेल.

हिंसेविषयीचे विवेचनही याच जागेवरून येते. फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने १९७४ आणि १९७५ चे चषक दहशत आणि मारामारी यांचा डावपेच म्हणून वापर करीत जिंकले. १९७६ च्या अंतिम मालिकेत माँट्रियलने त्यांना सलग चार सामन्यांत हरवले. मारामारीमुळे खेळाडूंच्या संतापाला वाट मिळते आणि अधिक मोठी इजा टळते, असे समर्थन लीगकडून केले जात असे. ड्रायडन ते अमान्य करतात. संताप व्यक्त करण्याने ओसरतो असे नसून त्या व्यक्त करण्याची सवय लागते आणि ती पुढच्या पिढीला शिकवली जाते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. खेळाडूने आपल्याच व्यवसायाच्या तत्त्वज्ञानाची अशी उलटतपासणी करावी, हे क्रीडालेखनात विरळच आढळते. येथे कायद्याच्या अभ्यासाची शिस्त जाणवते.

नदी, अंगण आणि मोकळा वेळ

पुस्तकातील सर्वांत चर्चिला गेलेला विचार मोकळ्या वेळेविषयीचा आहे. टोरोंटोजवळच्या उपनगरात ड्रायडन यांच्या वडिलांनी घरामागील अंगण फरसबंद करून मुलांना खेळायला जागा करून दिली होती. तेथे शेजारची मुले टेनिसच्या चेंडूने तासन्‌तास खेळत. ड्रायडन आणि त्यांचे थोरले बंधू डेव्ह हे दोघेही पुढे व्यावसायिक गोलरक्षक झाले. लाफ्लूर याची जडणघडण क्विबेकमधील थर्सो या गावी बर्फाच्या मैदानावर एकट्याने घालवलेल्या वेळात झाली. गोठलेली नदी हे या मोकळ्या खेळाचे प्रतीक म्हणून पुस्तकात येते. प्रशिक्षक नाही, वेळापत्रक नाही, गुणफलक नाही. त्यामुळे चुकण्याची आणि पुन्हा करून पाहण्याची मुभा आहे. पुढील काळात मुलांचा खेळ संघटित झाला. सराव कमी, सामने आणि प्रवास अधिक, आणि चकती प्रत्यक्ष खेळायला मिळण्याचा वेळ अत्यल्प, अशी अवस्था आली. त्यामुळे कल्पक खेळाडू घडण्याची शक्यता आटली, असे ड्रायडन यांचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन आकर्षक आहे. परंतु पुस्तकातीलच दुसरा धागा त्याला छेद देतो. ड्रायडन १९७२ च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत खेळले होते आणि सोव्हिएत हॉकीचे त्यांना मनापासून कौतुक होते. चकती प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत फेकून तिच्यामागे धावण्याच्या कॅनेडियन पद्धतीपेक्षा सोव्हिएत संघाचा परस्परांकडे चकती सोपवत पुढे सरकणारा खेळ त्यांना अधिक कल्पक वाटतो. फेब्रुवारी १९७९ मध्ये, म्हणजे याच हंगामाच्या मध्यात, लीगमधील निवडक खेळाडूंच्या संघाला सोव्हिएत संघाने तीनपैकी दोन सामन्यांत हरवले आणि शेवटचा सामना ६-० असा जिंकला. हा कल्पक खेळ मात्र नदीवरच्या मोकळ्या मुलांनी घडवलेला नव्हता. अनातोली तारासोव्ह यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी राज्ययंत्रणेच्या पाठबळावर, वर्षभराच्या कडक शिस्तीत तो उभा केला होता. संघटितपणामुळे कल्पकता मरते, हे विधान खरे मानले तर सोव्हिएत खेळाचे स्पष्टीकरण देता येत नाही.

ही विसंगती पुस्तकात पूर्णपणे सुटत नाही. तथापि ती सोडवण्याची सामग्री पुस्तकातच आहे. ड्रायडन यांच्या विवेचनात नदी ही जागा कमी आणि वेळेची एक अवस्था अधिक आहे. निकालाचे दडपण नसलेला, आवर्तनाला पुरेसा आणि प्रयोगाला मोकळा असा वेळ हे त्या प्रतीकाचे मर्म होय. तारासोव्ह यांच्या प्रशिक्षणातही सामन्यांपेक्षा सरावाला आणि वेगवेगळ्या खेळांतून घेतलेल्या कसरतींना मोठे स्थान होते. कॅनडातील संघटित बालहॉकीत सामना हेच शिक्षण मानले गेले. म्हणजे खरा भेद शिस्त आणि मोकळीक यांच्यातील नाही. शिकण्याचा वेळ आणि मोजमापाचा वेळ यांच्यातील आहे. ड्रायडन या निष्कर्षाच्या अगदी जवळ येतात. पण अंगणाच्या आठवणीची ओढ त्यांना मागे खेचते. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या वाचकाला या भेदाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. परीक्षांची संख्या वाढवल्याने अध्ययन वाढते काय, हा प्रश्न याच जातीचा आहे.

शहर, भाषा आणि संघ

माँट्रियल कॅनेडियन्स हा केवळ एका शहराचा संघ नव्हता. क्विबेकमधील फ्रेंच भाषिक समाजाच्या अस्मितेचे ते एक रूप होते. संघाचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार याला निलंबित केल्यावर १७ मार्च १९५५ रोजी शहरात दंगल झाली होती. ड्रायडन खेळत असताना हा प्रश्न राजकीय टोकाला पोहोचला. १५ नोव्हेंबर १९७६ रोजी रेने लेव्हेक यांच्या नेतृत्वाखालील पार्टी क्विबेक्वा हा स्वातंत्र्यवादी पक्ष प्रांतात सत्तेवर आला. त्या रात्री माँट्रियलच्या फोरम या प्रेक्षागृहात सामना चालू होता. निवडणुकीचे निकाल येऊ लागले तसे एकाच संघाच्या चाहत्यांचे दोन समाज झाले, याचे ड्रायडन यांनी केलेले चित्रण पुस्तकातील उत्कृष्ट भागांत गणावे लागेल. फ्रेंच भाषेची सनद १९७७ साली कायदा म्हणून संमत झाली. स्वायत्ततेविषयीचे सार्वमत मे १९८० मध्ये झाले आणि त्यात प्रस्ताव फेटाळला गेला. पुस्तक त्यानंतरचे असल्याने या प्रसंगांना मागे वळून पाहण्याची स्थिरता लाभली आहे.

येथेच निवेदकाच्या दृष्टीची मर्यादाही दिसते. ड्रायडन इंग्रजी भाषिक ओंटारिओ प्रांतातून आलेले होते. फ्रेंच भाषिक सहकाऱ्यांविषयी ते आस्थेने लिहितात. परंतु त्या सहकाऱ्यांच्या मनातील द्वंद्व वाचकापर्यंत त्यांच्या निरीक्षणातूनच येते. आपल्याच भाषेच्या समाजाचे प्रतीक होऊन इंग्रजी भाषिक लीगमध्ये खेळणे म्हणजे काय, हे लाफ्लूर किंवा सर्ज सव्हार यांच्या बाजूने सांगितले जात नाही. गोलरक्षकाला मैदान पूर्ण दिसते, मात्र सहकाऱ्यांच्या पाठी अधिक आणि चेहरे कमी दिसतात. पुस्तकाचे बळ आणि त्याची उणीव या दोन्ही गोष्टी अशा एकाच जागेतून उद्भवतात. खेळाडूंच्या कुटुंबांतील स्त्रियाही या अनुभवविश्वात कडेलाच राहतात, हेही नोंदवले पाहिजे.

समारोप

ड्रायडन १९७९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाले. आठ हंगामांत त्यांच्या वाट्याला सहा स्टॅन्ली चषक आले. बोमनही त्याच वर्षी माँट्रियल सोडून बफेलो संघाकडे गेले. १९८० मध्ये माँट्रियल उपान्त्य फेरीही गाठू शकले नाही आणि त्या वर्षापासूनचे चार चषक आयलंडर्स संघाने जिंकले. पुढे ड्रायडन २००४ ते २०११ या काळात कॅनडाच्या संसदेचे सदस्य होते आणि काही काळ सामाजिक विकास खात्याचे मंत्रीही होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन नियतकालिकाने २००२ साली सर्वोत्तम शंभर क्रीडापुस्तकांची यादी केली, तेव्हा 'द गेम'ला पहिल्या दहांत स्थान मिळाले.

या पुस्तकाचे मोल मात्र अशा मानांकनावर अवलंबून नाही. एका यशस्वी हंगामाकडे पाहताना त्याने यशालाच प्रश्न विचारले. उताराची सुरुवात शिखरावर असतानाच होते, हे संघाच्या गुणतक्त्याने दाखवले आणि लेखकाने ते दिनक्रमातील बारकाव्यांतून अनुभवाच्या पातळीवर आणले. मोकळ्या वेळेविषयीचे त्याचे विवेचन स्मरणरंजनाकडे झुकते आणि भाषिक प्रश्नात त्याची दृष्टी एकांगी राहते. तरीही या उणिवा तपासण्याची साधने तेच पुस्तक वाचकाच्या हाती देते. ज्या लेखनाशी असा वाद घालता येतो, त्याला केवळ क्रीडावृत्तांत म्हणून बाजूला ठेवणे योग्य ठरणार नाही. खेळाडूच्या आत्मपर लेखनाचे मूल्यमापन त्याने किती सामने जिंकले यावरून न करता, त्याने आपल्या विजयाची किती कठोर चिकित्सा केली यावरून करावे, असा निकष 'द गेम'च्या अभ्यासातून हाती येतो.